कापडी कुंडीला मीठ फुटतं तेव्हा

पुण्याच्या वेशीवरच्या एका नव्या सोसायटीत आठव्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या शाळेत शिकवतात. घरात नवरा, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. मुलाला बालदम्याचा त्रास आहे. गेल्या मे महिन्यात त्यांनी चौदा कापडी कुंड्या आणल्या आणि काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत मांडल्या. अरेका पाम, पीस लिली, मनी प्लांट, कढीपत्ता, पानओवा, पुदिना अशी झाडं. पावसाळाभर सगळं ठीक होतं. दिवाळीनंतर कुंड्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढरे डाग दिसायला लागले आणि आता काही कुंड्या निम्म्यापर्यंत पिठात बुडवून काढल्यासारख्या दिसतात. अरेकाच्या पानांची टोकं करपली आहेत. पुदिन्याच्या कुंडीवर मात्र कापसासारखं, वेगळंच काही दिसतं.

बुरशी समजून ताईंनी हळदीचं पाणी, दालचिनीची पूड, खायचा सोडा आणि शेवटी नर्सरीतलं बुरशीनाशक असे सगळे उपाय केले. पुसलं की जातं, चार दिवसांत परत येतं. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी आहे. पाणी वाया जाऊ नये म्हणून त्या पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवतात आणि तेच झाडांना घालतात. रोज, कुंडीला अर्धा लिटर. खालच्या ताटलीतून फरशीवर ओघळ येणार नाही इतपतच. रविवारी लिटरभर पाण्यात चमचाभर १९:१९:१९ हे विरघळणारं खत, आणि पुदिन्याला तांदळाचं धुवण. सासूबाई म्हणतात, 'ही घाण बाहेर काढ, पोराच्या छातीत जाईल.' नवरा म्हणतो, प्लास्टिकच्या कुंड्या आण. ताई विचारतात, 'कुंड्या फेकून देऊ का? माझ्या हौसेपायी मी मुलाला आजारी पाडतेय का? माझ्या हातालाच गुण नाही, असं वाटायला लागलंय.'

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'पावसाळ्यात काहीच नव्हतं.' तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण उत्तराची सुरुवात तिथूनच होते. बुरशीला ओल लागते, दमट हवा लागते, कोंदटपणा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चामड्याच्या चपलेला बुरशी येते, लोणच्याला येते, कपाटातल्या पुस्तकांना येते. त्या दोन महिन्यांत जे तुमच्या कुंड्यांच्या वाटेला गेलं नाही आणि दिवाळीनंतर हवा कोरडी होताच दिसू लागलं, ते बुरशी असण्याचा संभव मला फार कमी वाटतो. पुदिन्याची कुंडी तूर्त बाजूला ठेवू, तिच्याकडे शेवटी येते.

उरलेल्या तेरा कुंड्यांवर आलं आहे ते मीठ. जेवणातलं नव्हे, पाण्यात विरघळलेले क्षार: कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं सोडियम, आणि तुम्ही घातलेल्या खतातलं न वापरलं गेलेलं काही. कापडी कुंडीचा फेल्ट दिव्याच्या वातीसारखं काम करतो. मातीतलं पाणी तो चहूबाजूंनी ओढून घेतो, बाहेरच्या अंगाला हवा लागून ते उडून जातं आणि पाण्यातलं जे उडू शकत नाही ते कापडावरच राहतं. हवा जितकी कोरडी, पंखा जितका जोरात, तितकं हे वेगानं होतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे कापड फारसं वाळतच नव्हतं, म्हणून तेव्हा डाग दिसले नाहीत. क्षार तेव्हाही आत साठत होतेच.

हे तुम्ही घरात रोज बघता. पाण्याच्या माठाला बाहेरून येणारा पांढरा खर, गिझरच्या कॉइलवरचा थर, शॉवरची बुजलेली भोकं, स्टीलच्या नळाच्या बुडाशी धरलेला चुना, हे सगळं त्याच जातीचं. दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. माठावरच्या थराला आपण कधी बुरशी म्हणत नाही. कुंडीत माती आणि झाड असतं म्हणून मन लगेच रोगाकडे धावतं, एवढाच फरक.

माझ्या शब्दावर जाऊ नका, दहा मिनिटांत स्वतः बघा. थोडं पांढरं बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा. क्षार असतील तर रवाळ किंवा रांगोळीसारखं कोरडं लागेल. बुरशी असेल तर तंतू लागतील, मऊ, ओलसर, आणि मातकट-कुबट वास येईल. मग त्या डागावर पाण्याचे चार थेंब सोडा. क्षारांचा डाग ओला होताच दिसेनासा होतो आणि वाळला की पुन्हा उमटतो. बुरशी पाण्यानं चपटी होते, पण जागेवरच राहते. तिसरी खूण लिंबाची. लिंबाचे दोन थेंब टाकल्यावर बारीक फसफस झाली तर चुन्याचा अंश आहे. मात्र यासाठी सोडा न फवारलेली कुंडी निवडा, कारण खायचा सोडाही लिंबानं तसाच फसफसतो आणि तुमची फसगत होईल. फसफस झाली नाही, पण पाण्यानं डाग विरघळला, तर तो बहुधा खतातला क्षार.

आता तुमच्या उपायांबद्दल. हळद, दालचिनी, बुरशीनाशक हे सगळं बुरशीवरचं. क्षारांना त्यानं काहीच होत नाही. खायच्या सोड्यात तर सोडियम असतं, म्हणजे मिठावर आपण आणखी मीठ घातलं. यात तुमच्या हाताच्या गुणाचा प्रश्न कुठे येतो? पुसल्यावर चार दिवसांत परत येतं याचं तुम्हाला वाईट वाटतं, पण ते येणारच. कापडावरचं पुसलं तरी मातीत साठा आहे, आणि तो रोज अर्धा लिटरनं वाढतो आहे.

तुमच्या बादलीकडे मला जरा थांबायचं आहे. आरओचं यंत्र पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही. प्यायच्या पाण्यातून काढलेले क्षार ते उरलेल्या पाण्यात ढकलतं. समजा तुमच्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, ७०० आहे आणि तीन लिटरमागे एक लिटर शुद्ध पाणी मिळतं. मग बाहेर पडणाऱ्या दोन लिटरचा टीडीएस १,००० च्या वर जातो. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचा टीडीएस चांगला धरलेला आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलेला आहे.) टीडीएस १,००० म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम क्षार. रोज अर्धा लिटर, म्हणजे कुंडीला अर्धा ग्रॅम. दिवाळीपासून तीन महिने धरले तर पंचेचाळीस ग्रॅम. चहाच्या चमच्यानं मोजलं तर आठ-नऊ चमचे, एका कुंडीत. हिशेब ढोबळ आहे, त्यातलं काही झाडही घेतं, पण बाहेर जायला वाट नसल्यामुळे बहुतेक सगळं तिथेच बसलं आहे. अरेकाची टोकं करपली ती यामुळेच असावीत. क्षार वाढले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि पानाचं टोक आधी वाळतं. अरेका, पीस लिली, स्पायडर प्लांट ही यात नाजूक. मनी प्लांट बराच सोसतो.

पाणी वाया घालवायचं नाही हा तुमचा आग्रह मला मनापासून पटतो. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथे तर तो हवाच. बदलायचं आहे ते फक्त त्या बादलीचं ठिकाण. आरओचं पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला, बाल्कनी धुवायला वापरा. झाडांना तेच द्यावं लागलं तर निम्मं साधं पाणी मिसळून, आणि तेही मनी प्लांटसारख्या सोशिक झाडांना. सोसायटीत पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं असेल तर त्याचंही पाणी कुंड्यांना नको. ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतं, आणि सोडियम मातीला जास्त वाईट. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, शोभेच्या झाडांना ते चालेल. पुदिना, कढीपत्ता अशा खायच्या झाडांना मी घालत नाही, कारण ते एसीच्या आतल्या धुळीवरून आणि धातूवरून आलेलं असतं. आणि जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की बाल्कनीच्या कठड्याशी बादली ठेवा. पावसाच्या पाण्याइतकं चांगलं पाणी कुंडीला दुसरं नाही.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. उसाला पाटानं भरपूर पाणी, आणि ते निघून जायला वाट नाही, असं आमचं रान होतं. खालच्या अंगाचा तुकडा उन्हाळ्यात पांढराफेक पडायचा. 'रानाला मीठ फुटलंय,' असं आजोबा म्हणायचे. ते वरचा पापुद्रा खोऱ्यानं खरवडून बांधावर टाकायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा हजर. आमच्या भागात, तिकडे शिरोळकडेही, अशी क्षारपड रानं पुढे सुधारली ती जमिनीच्या पोटात भोकांचे पाइप घालून निचरा केल्यावर. पाणी खाली जायला लागलं आणि जाताना मीठ घेऊन गेलं. तुमचं पत्र वाचताना मला सारखं ते खरवडणं आठवत होतं. तुम्ही तीन महिने कुंड्या पुसताय, ताई, आणि निचरा मात्र ताटलीत अडकला आहे.

म्हणून पहिलं काम ताटलीचं. कुंडी ताटलीत बसलेली असली की खाली उतरलेलं खारं पाणी कापड पुन्हा वर ओढतं. कुंडीखाली दोन विटांचे तुकडे, लाकडी पट्ट्या किंवा लोखंडी स्टँड ठेवा, म्हणजे बूड अधांतरी राहील. ताटलीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. फरशी खराब होईल या काळजीनं तुम्ही घोटघोट पाणी देता, ते थांबवा. रोज थोडं देण्यापेक्षा मातीत बोटाची दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं की पोटभर द्या, इतकं की दिलेल्याच्या दहावा ते पाचवा हिस्सा खाली उतरेल. तेवढं उतरलेलं पाणी म्हणजे नासाडी नव्हे, ते तुमच्या कुंडीतलं मीठ बाहेर घेऊन चाललेलं असतं.

साठलेलं काढायला कुंडी एकदा धुवावी लागेल. दहा इंची कुंडीत साधारण बारा लिटर माती मावते. ती ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये न्या आणि तुमच्याकडे जे सर्वांत कमी क्षारांचं पाणी असेल ते हळूहळू ओता. अर्धी बादली ओतून अर्धा तास थांबा, क्षार विरघळायला वेळ लागतो. मग पुन्हा ओता. मातीच्या दुप्पट पाणी निघून गेलं तर धुणं पुरं झालं असं समजतात, म्हणजे अशा कुंडीला सव्वा ते दीड बादली. टँकरच्या सोसायटीत चौदा कुंड्यांना एका दिवशी हे करायला मी सांगणार नाही. रविवारी दोन घ्या, अरेका आणि पीस लिलीपासून सुरुवात करा. खाली निघालेलं पाणी संडासात वापरता येईल. काही शे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो, सोसायटीत कुणाकडे तरी असेलही. आत घातलेल्या आणि खाली उतरलेल्या पाण्याचा आकडा बघा. उतरलेल्याचा आकडा दुपटीपेक्षा जास्त असेल तर अजून धुवायचं आहे. पुढे दोन-तीन महिन्यांनी एकदा असं केलं तर पुरतं.

खत धुतल्यानंतर महिनाभर बंद. त्यानंतरही चमचाभर नको. सपाट चमच्यात पाच ग्रॅमच्या आसपास खत बसतं आणि घरातल्या, कमी उजेडातल्या झाडांना लिटरला एक ग्रॅम पुष्कळ होतं, तेही पंधरा दिवसांनी. मुठीनं राख घालायची सवय असेल तर तीही थांबवा. आणि मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल, तर ते भरण्याआधी धुतलं होतं का, हे आठवून बघा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड भरपूर असतं. पुढच्या वेळी कोकोपीटची वीट भिजवल्यावर तीन-चार पाण्यांनी धुवा आणि पिळून मगच वापरा.

कापडावरचे डाग काढायचे असतील तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी. आधी कापड साध्या पाण्यानं ओलं करा, मग कपड्यांच्या ब्रशनं बाहेरून घासा आणि पुसून घ्या. मातीत व्हिनेगर जाऊ देऊ नका. कोरडं असताना घासू नका, त्याची पूड हवेत उडते. डाग पूर्ण जातीलच असं नाही. ते राहिले तरी झाडाचं काही बिघडत नाही.

यजमानांचं प्लास्टिकच्या कुंड्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कापडी कुंडी खरी खुलते ती गच्चीवर, जिथे पाणी मोकळेपणी वाहून जातं आणि कापडाजवळ आलेलं मूळ हवेनं आपोआप छाटलं जाऊन आत नवी मुळं फुटतात. बंद बाल्कनीत, ताटलीवर, तिचे निम्मे गुण वाया जातात. अरेका आणि पीस लिली तुम्ही प्लास्टिकच्या, बुडाला भोकं असलेल्या कुंडीत हलवल्यात तर माझी काहीच हरकत नाही, उलट त्यांना सोयीचं होईल. पण पाणी आणि खत आहे तसंच ठेवून फक्त कुंड्या बदलल्या तर क्षार दिसायचे बंद होतील, असायचे नाहीत. ते आत मुळांपाशी बसतील आणि तुम्हाला कळेल ते पानं गळल्यावर. कढीपत्ता, पुदिना, पानओवा कापडातच राहू द्या. फेकण्यासारखी तर एकही कुंडी मला दिसत नाही.

मुलाबद्दल जपून लिहिते, कारण ते काम त्याच्या डॉक्टरांचं आहे. कापडावर चिकटून बसलेला क्षार स्वतःहून उठून कुणाच्या छातीत जात नाही. पण सासूबाईंची काळजी खोटी नाही. कोरडं झाडलं तर पूड उडते. दालचिनीची पूड, बंद जागेत फवारलेलं बुरशीनाशक, व्हिनेगरचा उग्र वास, यातल्या कशानंही दम्याच्या मुलाला त्रास होऊ शकतो. सतत ओली माती आणि बंद काचा असल्या की खरी बुरशीही येऊ शकते आणि काही मुलांना तिचा त्रास होतो. तेव्हा घरात फवारणी आजपासून बंद. घासण्या-धुण्याचं काम तो शाळेत असताना करा. दुपारी काचा उघड्या ठेवा. त्याचा पलंग बाल्कनीला लागून असेल तर तो तिथून हलवा. मागे ज्या दिवशी तुम्ही फवारलं त्या रात्री खोकला वाढला होता का, हे आठवून वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवा. बुरशीनाशक फवारलेल्या पुदिन्याची आणि पानओव्याची आत्ता असलेली पानं खाऊ नका, ती काढून टाका. नवी फूट आली आणि पाकिटावर लिहिलेला काळ उलटून गेला की मग वापरा.

सासूबाईंना एकदा माठाशी बोलावून त्यावरचा खर आणि कुंडीवरचा डाग शेजारी शेजारी दाखवा. लिंबाचे थेंब त्यांनाच टाकू द्या. माठ घासत आलेल्या बाईला या पांढऱ्याची ओळख तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते आणि त्यांची खरी भीती नातवाची आहे, कुंड्यांची नाही. काचा उघड्या ठेवायचं, फवारणी थांबवायचं तुम्ही त्यांच्यासमोर ठरवलंत तर त्यांचा निम्मा विरोध तिथेच मावळेल, असं मला वाटतं.

आता पुदिना. तिथे कापसासारखं दिसतं असं तुम्ही लिहिता, आणि नेमकं त्याच कुंडीला तांदळाचं धुवण जातं. पिष्टमय पाणी वारंवार मिळालं की मातीवर आणि कापडावर खरोखरीची बुरशी धरते. ती बहुधा कुजकं खाऊन जगणारी, झाडाला न धरणारी असते. धुवण बंद करा, वरची बोटभर माती काढून नवी घाला, कापड ओल्या फडक्यानं पुसा आणि कुंडी आठवडाभर उजेडात, वाऱ्यावर ठेवा, तेवढ्यानं ती बहुतेक जाते. पण आधी एक बघा. भिंग घेऊन कुंडीची शिवण आणि बुडाची बाजू तपासा. कापसाचे ते पुंजके सुटे सुटे असतील, काडीनं दाबल्यावर चिकट, पिवळसर-गुलाबी ओघळ येत असेल, आजूबाजूला मुंग्या फिरत असतील, तर ती बुरशीही नाही आणि क्षारही नाही, पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड आहे. मग ती कुंडी त्याच दिवशी बाकीच्या तेरांपासून लांब न्या, झाड उपटून मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, जुनी माती पिशवीत बांधून टाका आणि कापड गरम साबणाच्या पाण्यात तासभर बुडवून कडक उन्हात वाळवा. पुदिन्याच्या चार निरोगी काड्या पाण्यात ठेवल्या तर आठ-दहा दिवसांत मुळं फुटतील, नव्या मातीत त्याच लावा.